हप्ता पाचला, पगार सातला

३ मार्च

खात्यात एकोणीस हजार तीनशे चाळीस. सकाळपासून तीनदा बघितलं. बघून वाढत नाहीत!

आईचे बेचाळीस हजार होते. नोव्हेंबरात तिने उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून दिले आणि मी दुसऱ्याच दिवशी माझ्या खात्यात भरले. तिच्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनचे. चार वर्षं लोकांचे पडदे आणि शाळेचे गणवेश शिवून साठवलेले. "घरात ठेवले तर तुझा मामा येऊन मागणार. आणि मला त्याला नाही म्हणता येत नाही. तुझ्याकडे असले म्हणजे काळजी नाही." मामाने निदान तोंडाने मागितले असते.

ऑपरेशन वीस तारखेला. उजवा डोळा तिचा लहानपणापासून अधू, म्हणजे जो काही आहे तो हा डावाच. हे मला कुणी नव्याने सांगायची गरज नाही. माहीत होतं. पैसे कमी होत होते तेव्हाही माहीत होतं.

५ मार्च

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरला. एप्रनच्या खिशात. मेसेज न बघताच कळलं. स्कूटर, फोन, कपाट. तिन्ही हप्ते एका दमात गेले. साडेदहा हजार.

माझ्या हातात वरच्या दाढेचं मेण होतं. कोरणी घसरली आणि दाढेचा एक कोपरा उडाला. शेजारच्या टेबलावरच्या दाढोबांनी चष्म्यावरून बघितलं. (नाव खरं वेगळंच आहे त्यांचं. पण आमच्या नकली दातांच्या लॅबमध्ये तीस वर्षं फक्त दाढाच बनवतायत, म्हणून दाढोबा. तोंडावर आम्ही काका म्हणतो.)

आता आठ हजार आठशे चाळीस. वीस तारखेला पंधरा दिवस.

६ मार्च

मी उधळी नाही! हे इथे तरी लिहून ठेवते, कारण बाहेर कुणाला सांगणार?

स्कूटर घेतली ती कामाला वेळेवर पोचायला. फोन जुना बंद पडला म्हणून. कपाट, कारण कपडे दोन वर्षं सुटकेसमध्ये होते. एकेक गोष्ट बघितली तर कुणी नाव ठेवणार नाही. आम्हाला पगार नसतो, दातामागे दीडशे मिळतात. जानेवारीत मी दोनशे बारा दात केले. दोनशे बारा! त्या महिन्याचे हातात एकतीस हजार आठशे आले आणि मला वाटलं, हाच माझा पगार. दुकानातला माणूस म्हणाला, "महिन्याला किती मिळतात मॅडम?" मी जानेवारीचा आकडा सांगितला. खोटं थोडंच होतं?

मग फेब्रुवारीत मालकांनी मशीन आणलं. पांढरा ठोकळा आत ठेवायचा, चौदा मिनिटांत दात बाहेर. आम्ही फक्त वरून रंग चढवायचा. रंगाचे वेगळे पैसे नाहीत, "बघू पुढे" म्हणाले.

आणि मी आईचे पैसे खर्च केले असंही नाही. ते आपोआप गेले. हप्ता कापतात पाच तारखेला, लॅबचे पैसे मिळतात सात तारखेला. मधले दोन दिवस आईचे पैसे उभे राहायचे. सातला भरून टाकीन, असं दर वेळी. डिसेंबरात सगळे भरले नाहीत. फेब्रुवारीत भरले असते, पण तेव्हा स्कूटरची सुरुवातीची रक्कम द्यायची होती. खातं एकच. त्यात तिचे कुठले आणि माझे कुठले, वर लिहिलेलं नसतं.

लिहून झाल्यावर वाचलं. "आपोआप गेले" वाचून स्वतःचीच लाज वाटली.

७ मार्च

एकशे दहा दात. साडेसोळा हजार. सात भाड्याला गेले. उरले अठरा हजार तीनशे चाळीस.

९ मार्च

आईचा फोन. आवाज एकदम उत्साही. "अगं, मी आता सकाळच्या उन्हात बसून दहा सुया एकदम ओवून ठेवते. दिवसभर मग कुणाचं तोंड बघायला नको." मी हसले. तीही हसली. मग म्हणाली, "काल एका गणवेशाला बाह्या उलट्या लावल्या. उसवून पुन्हा लावून दिल्या, त्यांना कळलंसुद्धा नाही. डोळा झाला की हे सगळं थांबेल बाई."

फोन ठेवला आणि पलंगावर पाय वर घेऊन बसून राहिले. डॉक्टर तिला तपासताना मी तिथेच उभी होते. "मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. फार लांबवू नका," हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं होतं, आईकडे नाही. घरात कर्ती दिसत असेन.

१२ मार्च

डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन. पंधरा तारखेपर्यंत पूर्ण रक्कम भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. मी म्हटलं, "हो हो, भरतेच." बाई गोड बोलत होती.

कुणाकडे मागू? मालकांकडे मागितले तर मशीनच्या दिवसांत आधी माझंच नाव कमी होईल. मामाकडे? तो आईला तासाभरात सांगेल, वर दोन गोष्टी स्वतःच्या घालून. रूममेट नर्स आहे, तिच्याकडे असतील. पण ती विचारेल, आईचे कुठे गेले? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आहे, पण ते तोंडातून बाहेर येत नाही.

१४ मार्च

केलं. लिहून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा आठवायला नको.

आधी दवाखान्यात फोन केला. म्हटलं, आमच्या घरी अडचण आहे, तारीख पुढची द्या. "अठ्ठावीस एप्रिल मोकळी आहे. पण डॉक्टरांनी लवकर करा असं लिहिलंय इथे." मी म्हटलं चालेल.

मग आईला फोन केला. म्हटलं, डॉक्टर बाहेरगावी चाललेत, त्यांच्याकडूनच तारीख पुढे गेली. आवाज इतका सहज निघाला माझा! मलाच माझी भीती वाटली. आई म्हणाली, "त्यांनाही त्यांचा संसार असेल बाळा. एवढं काय त्यात."

१५ मार्च

चौकशीसुद्धा केली नाही तिने. मामा असता तर दहा प्रश्न विचारले असते.

२० मार्च

आज झालं असतं. आत्तापर्यंत पट्टी बांधून पडली असती आणि मला पाणी आण, पंखा कमी कर, असं करत असती.

दिवसभरात तीनच दात.

२५ मार्च

नर्सने पकडलं.

तिची दुपारची ड्युटी होती, अजून घरून निघाली नव्हती. मी जेवणाच्या सुट्टीत घरी आले आणि कपाटासमोर खाली बसून रडत होते. तिला ऐकू आलं. "कोण गेलं?" तिने पहिलं हेच विचारलं, नर्सच ती. मी म्हटलं, पैसे. मग सगळं ओकले. हप्ते, जानेवारी, मशीन, आईचे बेचाळीस.

तारखेचं खरं सांगितलं नाही. म्हटलं, डॉक्टरांनीच पुढे ढकलली, म्हणून वाचले. ती म्हणाली, "नशीब समज." मी मान हलवली. एवढं एक राहू दे माझ्याकडे असं वाटलं. पैसे गेले हे सांगता येतं, पण आईला फसवलं हे कसं सांगायचं?

मग तिने कागद मागितला. तिचा स्वतःचा पगार ती कसा लावते ते दाखवलं. वॉर्डमध्ये ड्युटीचा तक्ता असतो ना, तसाच. पगार आला की त्याच दिवशी प्रत्येक हजाराला ड्युटी. हे भाड्यावर, हे जेवणावर, हे चार आठवड्यांत वाटून, दर सोमवारी एक. काही राखीव, अचानक कुणी आजारी पडलं तर बोलवायला. आणि काही रजेवर! "रजेवरच्या माणसाला मी फोन करत नाही. कितीही गर्दी झाली तरी." ते पैसे दुसऱ्याच बँकेत आहेत, कार्डसुद्धा घेतलेलं नाही.

मी म्हटलं, "तुझ्या पगाराला युनियन काढायला पाहिजे." ती हसली नाही. म्हणाली, "तुझ्या आईचे पैसे रजेवर होते. तू त्यांना रोज कामाला लावलंस."

२६ मार्च

दाढोबांनी आज चहाच्या वेळी आपणहून विचारलं, "पोरी, हप्ते किती आहेत तुझे?" त्यांना कसं कळलं? "दर पाच तारखेला तुझा एक दात वाया जातो. सहा महिने बघतोय."

मग म्हणाले, "दातावर जगणाऱ्याने चांगला महिना मोजायचाच नसतो. गेल्या वर्षातला सगळ्यात वाईट महिना काढ. तेवढाच तुझा पगार. त्याच्या वर जे येईल ते आलंच नाही असं समजायचं."

माझा वाईट महिना हाच चालू आहे. शहाण्णव दात होतील फार तर. तेवढ्या पगारावर दुकानवाल्याने मला सायकलसुद्धा दिली नसती.

चोवीस वर्षांची आहे मी. दाताचा रंग सोळा छटांमधून नजरेने ओळखते. बेरीज-वजाबाकी येते. तरी ही एवढीशी गोष्ट मला कुणी सांगितली नाही. किंवा सांगितलीही असेल आणि मी स्कूटरचे रंग बघत असेन. शाळेत घातांक शिकवला, पाच आणि सात तारखेच्या मधे काय होतं ते नाही.

५ एप्रिल

नऊ दहा. थरथर. उरले पाचशे वीस.

या वेळी दात वाया गेला नाही. आधीच टेबलावर ठेवून दिला होता.

७ एप्रिल

शहाण्णव दात, चौदा हजार चारशे. भाडं दिलं. उरलेल्यांना ड्युट्या लावल्या, नर्स शेजारी बसून. तिने माझा पेट्रोलचा आकडा खोडला. "स्कूटरच नाही तर पेट्रोल कशाला?"

१२ एप्रिल

स्कूटर गेली. कर्ज फिटून हातात साडेसोळा हजार. घेणाऱ्याने सीटवर हात फिरवला तेव्हा वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर हलकंही वाटलं. बसस्टॉपवर वीस मिनिटं उभी होते. कितीतरी दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेला.

दुसऱ्या बँकेत खातं उघडलं. त्यात फक्त आई.

१५ एप्रिल

आईचा फोन, सकाळी सातला. ती सातला कधी करत नाही. "काल दुपारपासून डोकं ठणकतंय. डोळा लाल झालाय. रात्री दोनदा उलटी झाली. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय गं, चंद्राला असतं तसं."

मी म्हटलं, जवळच्या डॉक्टरांना दाखव आजच. "दाखवते. पण ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना विचारशील का? ते आले का परत?"

ते आले का परत! ते कुठे गेलेच नव्हते. इथून बसने चार थांबे पुढे बसलेत.

दवाखान्यात फोन केला. बाई म्हणाली, पेशंटला ताबडतोब घेऊन या. मी विचारलं, आणलं की लगेच ऑपरेशन करावं लागेल का? "ते डॉक्टर ठरवतील. पैशांची तयारी ठेवून या." माझ्याकडे बावीस हजार. वीस कमी. आणि आई आत आली की पहिलं वाक्य बोलणार, काय डॉक्टर, कसा झाला प्रवास?

नर्स शेजारच्या खोलीतच होती. इस्त्री करत होती. दारापर्यंत गेले. उंबऱ्यावर उभी राहिले. तिने विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही, सुई आहे का?"

तिने सुई दिली.

१६ एप्रिल

आईने गल्लीतल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी डोकेदुखीच्या गोळ्या आणि लालीचं औषध दिलं. "उन्हाने झालं असेल म्हणाले." मी लगेच विश्वास ठेवला. किती पटकन ठेवला!

बारा दिवस फक्त. बारा दिवसांत काय होतं?

१७ एप्रिल

कामावर लक्ष नाही. आई दुखणं सोसून बोलते तेव्हा तिचा आवाज बारीक होतो. आज तसाच होता. फोन वाजला तरी धडकी भरते, नाही वाजला तरी भरते.

१९ एप्रिल

आई म्हणाली, "आता दुखत नाही. एकदम कमी झालं." मी लॅबच्या जिन्यात बसून हसले आणि रडले. उरलेला दिवस इतका चांगला गेला की अठरा दात झाले.

२२ एप्रिल

फोन विकला. आठ हजार. त्याचे हप्ते अजून सात महिने भरायचेत, म्हणजे नसलेल्या फोनचे पैसे देत बसायचं. नर्सने तिचा जुना दिला, बटणं अडकतात. दाढोबांनी त्यांच्या वाट्याच्या चाळीस दाढा माझ्याकडे सरकवल्या. मालकांना म्हणाले, "माझी पाठ धरलीये." पाठबीठ काही नाही! सकाळी प्लास्टरची गोणी एकट्याने उचलताना मी बघितलं. मालकांनी दाढांचे सहा हजार आगाऊ रोख दिले. मी काकांच्या पाया पडायला गेले तर म्हणाले, "कोपरे नीट काढ, तेवढं पुरे."

२४ एप्रिल

नर्सने तिच्या राखीवमधले सहा हजार दिले. तक्त्यात माझं नाव लिहिलं आणि पुढे परतीची तारीख. ऑगस्टपर्यंत, दरमहा दीड. मी म्हटलं लवकर देईन. "लवकर नको. तारखेला दे."

२५ एप्रिल

बेचाळीस हजार! पूर्ण! दवाखान्यात जाऊन भरून आले. पावती चार वेळा वाचली. बाहेर पडताना पाय जमिनीवर नव्हते.

सुटले. खोटं बोलले ते बोलले, पण आता कुणाचं काय नुकसान झालं? आई बरी होईल, सुया स्वतः ओवेल, मी तिला कधीतरी सांगेन. किंवा नाही सांगणार. सहा महिन्यांत पहिल्यांदा पाच तारखेची भीती वाटत नाहीये. मेच्या पगाराला आधीच ड्युट्या लावून ठेवल्यात, वाईट महिन्याच्या हिशोबाने. आणि जिला जिला पहिला पगार मिळेल तिला धरून बसवून हे सांगणार आहे, ऐको न ऐको.

२६ एप्रिल

आई आली. बसमधून उतरताना पायरी चाचपत होती. मला वाटलं, प्रवासाने थकलीये. रस्ताभर माझा दंड घट्ट धरून चालली आणि एकसारखी बोलत होती. घरी आल्यावर नर्सच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "ही कोण, तूच का गं?"

पडदे ओढलेले होते. अंधार होता खोलीत. तसा होताच.

२७ एप्रिल

ऑपरेशनआधीची तपासणी. डॉक्टरांनी डाव्या डोळ्यात उजेड टाकला. आईला विचारलं, उजेड कुठून येतोय? तिने चुकीच्या बाजूला बोट केलं. पुन्हा विचारलं. पुन्हा चुकीच्या.

"आतला दाब वाढून नस गेलीये. मोतीबिंदू काढू, पण नजर येणार नाही. मार्चमध्ये आला असतात तर आली असती."

आई म्हणाली, "अहो डॉक्टर, आम्ही येणारच होतो. तुम्हीच गावाला गेला होतात ना?"

डॉक्टरांनी फाईल उघडली. एका ओळीवर बोट ठेवून थांबले आणि मान वर करून माझ्याकडे बघत राहिले. आई हसऱ्या चेहऱ्याने उत्तराची वाट बघत होती. तोंड भिंतीकडे होतं तिचं.